मनगट ते घोटा

कुंदामावशींकडे ब्लाऊज शिवायला टाकला की त्या छाती, कंबर, खांदा, मुंढा अशी सगळी मापं घेतात आणि मग हात आडवा पसरायला सांगून मनगटापासून घोट्यापर्यंत टेप लावतात. ब्लाऊजचा आणि घोट्याचा संबंध काय, हे विचारायची नवीन गिऱ्हाइकाची हिंमत होत नाही. तोंडात टाचण्या धरलेल्या बाईशी वाद घालू नये एवढं सगळ्यांना कळतं. माप वहीत उतरवून झालं की मावशी टाचण्या काढतात आणि शांतपणे सांगतात, "तुम्ही खार असता तर तुम्हाला एवढा पडदा लागला असता."

खार म्हणजे उडती खार. माझी बायको पहिलं माप देऊन आली तेव्हा म्हणाली, शिलाई सुरेख आहे, पण ही बाई एक दिवस मला झाडावरून ढकलणार.

आम्ही ठाकुर्लीला एकाच जिन्यात राहतो, मावशी पहिल्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या. वय सत्तरीला टेकलेलं, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. यजमान वनखात्यात होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. लग्नानंतरची सहा वर्षं या दोघांनी मुरबाडच्या पुढे जंगलातल्या एका चौकीवर काढलेली. तिथे संध्याकाळी भाकऱ्या टाकताना मावशींना समोरच्या झाडावरून ही खार जाताना दिसायची. पुढे सगळं आयुष्य डोंबिवली-ठाकुर्लीत गेलं, पण खार काही डोक्यातून गेली नाही.

त्यांच्यासमोर 'उडते' म्हणायची सोय नाही. "चूक. उडतं ते पाखरू. ही तरंगते." मग कात्री खाली ठेवून त्या समजावतात. झाडाच्या शेंड्यावरून झेप घेतली की ती चारी पाय ताणते आणि अंगाच्या दोन्ही बाजूंचं कातडं पसरतं. मनगटाजवळ कूर्चेची एक काडी असते, कॉलरला आपण बकरम घालतो ना, तशी; तिच्यामुळे कड ताठ राहते. शेपूट वळायला. उतरायच्या आधी ती अंग वर उचलते, पडदा फुगतो, वेग मरतो. आणि खोडाला चिकटली की लगेच पलीकडच्या बाजूला पळते, कारण मागून घुबड आलेलं असू शकतं. "एवढ्या कामात देवाने एकही शिवण कच्ची ठेवलेली नाही," हे शेवटचं वाक्य. नवरीकडची माणसं घाईत असतात, पण हे वाक्य झाल्याशिवाय ब्लाऊज मिळत नाही.

एकदा सोसायटीच्या गणपतीत वेशभूषा स्पर्धा होती. मावशींनी हौसेने माझ्या मुलीला खारीचा पोशाख शिवून दिला. माप अचूक होतं, तिथेच घोळ झाला. मनगट घोट्याला जोडलेलं असल्यामुळे पोरीला चालता येईना. ती स्टेजवर दुडूदुडू सरकत आली आणि परीक्षकबाई कौतुकाने म्हणाल्या, किती गोड वटवाघूळ. मावशी पहिल्या रांगेतून उठल्या, माईक घेतला आणि वटवाघळाचा पडदा बोटांमध्ये असतो हे पंधरा मिनिटं समजावलं. आरतीला उशीर झाला. मुलीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, ते मी घेतलं, कारण तिचे हात मोकळे नव्हते.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी मावशींना त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक पाटीलबाईंचा फोन आला. मुरबाडकडे डोंगराला लागून त्यांचं शेतघर आहे. घरामागचं वाळलेलं झाड तोडताना ढोलीतून कसलंसं पिल्लू पडलेलं. गडी म्हणत होता मुंगूस, पाटील म्हणत होते वटवाघूळ. मावशींनी फक्त कातडं कुठून कुठपर्यंत आहे ते विचारलं. मग हुकूम सोडले: दूध पाजू नका, हाताळू नका, खोक्यात मऊ फडकं घालून ठेवा, आणि आधी वनखात्याला कळवा. पाच मिनिटांत त्या कॅनव्हासचा तुकडा आणि सुई-दोरा घेऊन माझ्या दारात उभ्या. मी गाडी काढली. कल्याण सोडेपर्यंत त्यांनी एक खोल पिशवी शिवायला घेतली होती. ढोलीसारखी, तोंड लहान, आत अंधार.

आम्ही पोचलो तेव्हा वनरक्षक आलेला होता. तरुण होता, पिल्लू कार्यालयात न्यायच्या तयारीत. मावशी म्हणाल्या, दिवे लागेपर्यंत थांबा. आई दिवसा जवळच्याच कुठल्या ढोलीत दडली असेल, अंधार पडला की ती पिल्लाला शोधत येईल. त्याने साहेबांना फोन लावला आणि थांबायचं ठरलं.

तोडलेल्या झाडाशेजारी ऐनाचं एक झाड होतं. शिडी लावून पिशवी त्याला बांधली. वनरक्षकाने पिल्लू मावशींपुढे धरलं. आता ही बाई हरखून जाईल, असं मला वाटलं. पण त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. "तुम्हीच ठेवा," एवढंच म्हणाल्या.

मग आम्ही लांब पडवीत बसलो. मावशींनी पाटलांचा फोनसुद्धा बंद करायला लावला. उजेड गेला, झाडांच्या नुसत्या आकृत्या राहिल्या. डोंगराच्या अंगाने काहीतरी चौकोनी, फडक्यासारखं, आवाज न करता खाली आलं आणि ऐनाच्या बुंध्याला चिकटलं. क्षणभर गायब. मग ती वर सरकताना दिसली, पिशवीत डोकं घातलं, तोंडात पिल्लू धरून शेंड्यावर गेली आणि तिथून पुन्हा तरंगत डोंगराकडे.

पाटील टाळ्या वाजवायला लागले. वनरक्षक मावशींच्या पाया पडला. सगळे आत गेल्यावर मी मावशींना विचारलं, पिल्लू हातात का नाही घेतलंत.

त्या पायरीवर बसल्या.

"चौकीवर असताना असंच एक सापडलेलं. हे म्हणाले, संध्याकाळी झाडावर ठेवू, आई नेईल. मी ऐकलं नाही. मला मूल होत नव्हतं रे. म्हटलं, जंगलात मरायचंय त्यापेक्षा माझ्यापाशी राहील. पोलक्यात घालून हिंडायचे. गाईचं दूध पाजायचे, मला काय ठाऊक."

"मग?"

"पहिल्या संध्याकाळी ती कौलांवर आली. दुसऱ्या संध्याकाळीही. हे नुसते माझ्याकडे बघायचे. चौथ्या दिवशी सकाळी पिल्लू गेलं." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "त्या संध्याकाळीही ती आली. तिला कोण सांगणार?"

आतून पाटीलबाईंनी चहाला हाक मारली. मावशी म्हणाल्या, तू हो पुढे. दारातून मी वळून पाहिलं. त्या ऐनापाशी गेल्या होत्या आणि ती आई जिथे येऊन चिकटली होती, तिथे खोडावर त्यांनी तळवा टेकला होता.