व्हिसाआधी घर वाटून टाकणारा रामोन

व्हिसा रिन्यू करायची वेळ आली की आमच्या वरच्या मजल्यावरचा रामोन आपलं अख्खं घर वाटून टाकायचा. कुकर मला, इस्त्री समोरच्या मल्याळी नर्सला, पडदे वॉचमनला. "खलास, वैनी, खलास! अब मेरे को क्या काम?"

कारण व्हिसासाठी मेडिकल, मेडिकलमध्ये रक्त, आणि रक्तात 'तो' आजार निघाला की रवानगी, असं तेव्हा सगळेच बोलायचे. रिपोर्ट चांगला आला की स्वारी हसत दारात. "वैनी, कुकर?"

आमचे हे म्हणायचे, "अगो, हा मनुष्य दर व्हिसाला मरतो नि कुकर न्यायला परत जिवंत होतो!"

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही आखातात, उम्म अल हस्समला राहायचो. रामोन मेक्सिकोचा, हॉटेलात केक-पेस्ट्री करायचा. पन्नाशीचा, मिशीला कलप, शर्टाला कडक इस्त्री. हिंदी किचनातल्या पोरांकडून शिकलेला आणि 'वैनी' आमच्या ह्यांच्या मित्रांकडून उचललेलं. मक्याच्या पिठाची भाकरी अशी थापायचा की मी त्याला तिथेच आपला मानला. माझा ठेचा खाऊन म्हणाला, "अच्छा है. बच्चों के लिए बनाया?" घ्या!

तब्येतीचा मात्र भारी घोर. लिफ्टच्या आरशात जीभ बघायचा. मी भेटले तर मलाच दाखवायचा. "सफेद है ना? सच बोलो." मी म्हणायची, "मेल्या, आत्ता दही खाल्लंस!"

आमच्या मंडळातल्या कुलकर्णीबाईंना कुणी एकटं दिसलं की चैन पडायचं नाही. त्यांनी रामोनलाही विचारलं, लग्न का नाही केलं? तो गंभीरपणे म्हणाला, "मैं बहुत खराब हसबंड. मोजे किधर भी फेंकता." त्याच्या घरात मोजा काय, धुळीचा कणही सापडला नसता.

एका वर्षी रिपोर्टाचा दिवस उलटून गेला, तरी हा कुकर न्यायला येईना. वर गेले तर दार नुसतं लोटलेलं. रिकाम्या खोलीत गादीवर बसलेला, दाढी वाढलेली. रिपोर्ट आणायला गेलाच नव्हता.

"नहीं जाएगा. इस बार है. मेरे को मालूम."

"तुला काय मालूम? डॉक्टर आहेस? यल्ला, ऊठ, शर्ट बदल. मी येते बरोबर."

टॅक्सीत माझी पिशवी घट्ट धरून बसला होता. दवाखान्याच्या खिडकीतून कागद मीच घेतला, तिथल्या बाईला दोनदा विचारून घेतलं. सगळं ठीक. काही म्हणजे काही नव्हतं.

मला वाटलं, आता नाचेल. तर बाहेरच्या बाकावर बसून हमसाहमशी रडायला लागला.

"अरे, बरा आहेस ना? मग रडतोस कशाला?"

"मैं ठीक, वैनी. हर बार मैं ठीक. एस्तेबान ठीक नहीं था."

मग हळूहळू सांगितलं. एस्तेबान आणि तो एका घरात राहायचे. नुसते मित्र म्हणून नाही. "वो मेरा घर था." त्याच आजाराने गेला. मयतीला त्याच्या बहिणींनी रामोनला मागे, शेजारपाजाऱ्यांत उभं केलं. त्यानंतर यानं कुणाला जवळ केलं नाही, कुणापाशी हे बोललाही नाही. तरी सुई टोचली की वाटायचं, आता आपली पाळी. आणि रिपोर्ट चांगला आला की वाटायचं, मग मीच का राहिलो?

माझ्यापाशी त्या काळी या गोष्टींना शब्द नव्हते. पण घरधनी गेलेली बाई कशी बसते ते मी पुष्कळ पाहिलं होतं, आणि हा अगदी तसाच बसला होता. आपल्याकडे अशा वेळी विचारतात तेच तोंडून निघालं.

"काय आवडायचं रे त्यांना जेवायला?"

रामोननं मान वर केली. असं त्याला कुणी विचारलंच नसावं.

"चावल की खीर," तो म्हणाला. "ऊपर दालचिनी. शक्कर कम हुआ, तो रूठता था. पूरा दिन बात नहीं..."

थांबवून ठेवलेला टॅक्सीवाला हॉर्न वाजवायला लागला. मी त्याला हातानंच खूण केली, थांब म्हणून.