शेवटच्या गाडीचे गुलाबराव

जगातले शहाणे लोक शर्यत बघतात ती पहिला कोण येतो यासाठी. आमचे शेजारी गुलाबराव शेवटचा कोण येतो यासाठी बघत.

अमरावतीच्या राजापेठेत आमची घरं भिंतीला भिंत लागून. रविवारी संध्याकाळी त्यांच्या टीव्हीवर परदेशातल्या शर्यतीच्या मोटारी घोंगावू लागल्या की आमच्या फडताळातली भांडी थरथरायची. पहिल्या गाडीसाठी झेंडा फडकला तरी गुलाबराव खुर्चीच्या टोकावरच. अगदी मागची, धूर सोडत येणारी गाडी रेघ ओलांडून गेली की एकदाच म्हणायचे, "आली घरी!" आणि टीव्ही बंद.

गुलाबराव म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. जन्मभर अमरावती–अकोला केली, तीही अशा वेगानं की मूर्तिजापूर येईपर्यंत प्रवाशांची एक झोप पुरी होई. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. राग मात्र भरल्या घराला पुरेल एवढा.

त्या वर्षी मोटारींच्या शर्यतीत मोठं भांडण पेटलं. संघांनी वर्षाकाठी किती खर्च करावा याला मर्यादा घालायची की नाही? मर्यादा नसेल तर मागचे छोटे संघ बंद पडणार. मर्यादा आली तर आम्ही वेगळी शर्यत भरवू, असं बडे संघ धमकावत होते. बातमी आली आणि गुलाबराव न्हाव्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांवर ओरडत सुटले, "लिमिट लावा म्हन्तो मी! काहून नाही लावत?"

मी तेव्हा नुकती साठी ओलांडलेली. म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. कॉलेजच्या वादविवादात मिळालेला कप शोकेसमध्ये होता आणि मी रोज तो पुसत होते. मी अंगणाच्या भिंतीवरून म्हणाले, "भाऊजी, ज्याची ऐपत त्यानं खर्च करावा. शर्यत आहे ती, पंगत नव्हे."

"वहिनी, पहिल्यानंच सारे लाडू खाल्ले तं मांगच्याले काय पत्रावळ चाटाले देता?"

तेवढ्यात तान्हा पोळा जवळ आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून तोरणाखालून ओढत नेतात. गल्लीच्या पोळ्याचे परीक्षक गुलाबराव. त्यांनी बैठकीत नियम मांडला: घरात जे असेल त्यानंच बैल सजवायचा. बाजारातून काही आणलं, की बैल बाद.

इकडे मी नातवाच्या बैलासाठी अकोल्याहून जरीची झूल मागवलेली. शिंगांना दिवे, पोटात गाणं वाजवणारी पेटी. बैल कमी, वरात जास्त. मी उठून गरजले, "असं असेल तर आम्ही चार घरं वेगळा पोळा भरवू!"

मोटारींची सीटकव्हरं शिवणाऱ्या रझियाआपा खो-खो हसल्या. "गुलाबभाई, तुमच्या टीव्हीतले बडे लोग तर इथंच बसलेत की!"

गुलाबराव हसले नाहीत. आवाज फाटेस्तोवर ओरडले, "कापसाच्या भावाले लिमिट हाये. बियान्याच्या, फवारनीच्या खर्चाले हाये काय? मांगचा मरून राह्यला, अन् तुमी ऐपत शिकवता!"

 मग नियमाविरुद्ध हात वर झाले, नियम पडला, आणि ते परीक्षकपद तिथंच टाकून चालते झाले. मी जिंकले. आणखी एक कप मिळाला असता तर शोकेसमध्ये जागाही होती.

पोळ्याला ते नेहमीसारखे चांदूर बाजारकडे, गावी शेती करणाऱ्या भावाकडे गेले. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत तान्हा पोळा झाला. आमच्या झगमगत्या बैलाला पहिलं बक्षीस. पेढे वाटून झाले आणि कोपऱ्यावरून कुरकुर आवाज आला.

गुलाबराव! हातात दोरी, मागे लाकडी बैल. रंग उडालेला, एक कान तुटका, अंगावर चिंधीसुद्धा नाही. पोरं फिदीफिदी हसली.

"भाऊजी, हे काय?"

"काल गावात तोरन बांधलं, ढोल वाजला. बैल मोजकेच. भावाचा गोठा खाली, एकबी बैल नाही. पोसनं झेपत नाही म्हने. त्याच्या बायकोनं पुरनपोळीचा निवद रिकाम्या दावनीले दाखवला." त्यांनी दोरी मनगटाला गुंडाळली. "हा माळ्यावर होता. लहानपनी आमी दोघं भाऊ ओढत होतो. म्हटलं, चाल बापू, तू तरी तोरनाखालून जाय."

नवे परीक्षक, समोरचे बँकेतले साहेब, तोरण सोडत होते. "काका, झालं आता. बक्षिसंही वाटली."

त्या क्षणी मला जो राग आला तो सगळा कुणावर होता, ते विचारू नका.

"झालं कसं? शेवटचा यायचाय अजून! तोरणाला हात लावाल तर याद राखा!"

साहेबांच्या हातून सुतळी सुटली. एक टोक रझियाआपांनी धरलं, दुसरं मी. हात डोक्यावर, पदर घसरलेला, शेजारी पोटातलं गाणं न थांबवणारा आमचा विजेता बैल. नातवाला म्हटलं, "बंद कर रे ते आधी!"

चाकं कुरकुरत तो बोडका बैल आमच्या हातांखालून गेला.

"आला घरी," मी म्हणाले.

गुलाबरावांनी वाकून त्याच्या पाठीवर थाप मारली. "थकला असंन," म्हणाले, आणि दोरी सैल सोडली.