धूर विझवणारे दिगंबरकाका

आमच्या शेजारच्या दिगंबरकाकांच्या स्कूटरवर, पाय ठेवायच्या जागी पाण्याची कॅन असते. ती पिण्यासाठी नाही. झाशीच्या सदर बाजारात कुठे कचरा धुमसताना दिसला की काका स्कूटर लावतात, कॅन उपडी करतात आणि आगीला म्हणतात, "झालं हो, आता गप पडा." आगीलासुद्धा अहो-जाहो! इथल्या जुन्या मराठी घरांचं वळणच तसं.

मागच्या थंडीत तर कहर झाला. इलाइट चौराह्यावर नगर निगमाने गोरगरिबांसाठी शेकोटी पेटवली होती. माणसं हात शेकत बसलेली. काकांना फक्त धूर दिसला. "काए कक्का, जौ का कर रए?" अशी ओरड होईपर्यंत सगळं विझलं होतं. मी त्यांना कसंबसं ओढून बाहेर काढलं. यांचा शेजारी म्हणवून घ्यायची लाज वाटली, खोटं कशाला सांगू! काकांचं मात्र एकच पालुपद: "कायदा आहे रे, पण बोळका आहे."

त्यांना दात असलेला कायदा हवा होता. जाळणाऱ्याला जागच्या जागी दंड, आणि कचरा न उचलणाऱ्या निगमालाही. तेवढं मागायला परवा ते मला घेऊन वॉर्डाच्या बैठकीत गेले. आमचे नगरसेवक, म्हणजे इथले पार्षदजी, हसून म्हणाले, "काकाजी, जुर्माना किसलिए? अपने ही लोग हैं. प्यार से समझाइए, मान जाएँगे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

काका उभेच होते. "नहीं मानते, पार्षदजी. हम ही नहीं माने. घर के पिछवाड़े रोज पत्ते जलाते थे. पत्नी कहती रही, साँस घुटती है. हम कहते, मच्छर भागते हैं. जुर्माना होता, तो दूसरे दिन बंद कर देते."

काकूंचा दमा गल्लीभर सगळ्यांना माहीत होता. हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. मला वर बघवेना. मागणी पुढे पाठवतो, असं काहीसं पार्षदजी पुटपुटले.

बाहेर आल्यावर काका स्कूटर सुरूच करेनात.

"हिला सांगू नकोस हं, मी चारचौघांत बोललो ते."

"नाही सांगणार, काका."

"दमा कशानं झाला, असं कुणी विचारलं ना, की म्हणते, झाशीची हवाच वाईट." ते उगाचच हँडल पुसत राहिले. "डॉक्टरलासुद्धा माझं नाव सांगत नाही रे."