खोब्रागडे सरांचे चिंचोके

आमच्या मागच्या खोलीत राहणारे खोब्रागडे सर साखरेला साखर म्हणत नसत. वाटी पुढे करून म्हणायचे, "बाई, थोडं गोड द्या. च्याले." थोडं गोड! गूळही गोड आणि जिलबीही गोड. सायकलीला 'दोनचाकी', साहेबाला 'मालक'. सातच्या ठोक्याला वेळ विचारली तर म्हणायचे, "आठ वाजाले वेळ आहे." आता तुम्हीच सांगा, सरळ माणूस असं बोलतो का?

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच कबूल करते. दूधवाला हसून बोलला की मी त्या दिवशी दूध दोनदा बघते. पण ते पंच्याऐंशी-शहाऐंशीचे दिवस आणि आम्ही बल्लारपूरला. गडचिरोलीकडच्या जंगलातून रोज काहीबाही बातम्या यायच्या. अशात एक एकटा माणूस सकाळच्या पॅसेंजरने चंद्रपूरला कॉलेजात गणित शिकवायला जातो, संध्याकाळी ओट्यावर बसून पेन्सिलीने कागद भरतो आणि कोणाशी दोन वाक्यांच्या वर बोलत नाही. शक येईल नाही तर काय?

कागद मी पाहिले होते. पाहिले म्हणजे, कपडे वाळत घालताना नजर गेली. नुसते कंस! उघडणारे कंस, मिटणारे कंस, मधेच अडकलेला एखादा इंग्रजी शब्द. शेजारी दोन वाट्या. कंस उघडला की डाव्या वाटीतला एक चिंचोका उजव्या वाटीत जायचा, कंस मिटला की परत डावीकडे यायचा. कागद संपला की उजवी वाटी रिकामी झाली पाहिजे. तशी झाली की सर एकटेच हसायचे. मग ते कागद लिफाफ्यात बंद होऊन पॅसेंजरच्या गार्डाबरोबर नागपूरला जायचे. टपाल असताना गार्ड कशाला?

ही शंका मी आमच्या ह्यांना बोलून दाखवली. हे पेपर मिलमधून दमून आलेले. "तुले त शेवग्याच्या शेंगेवरबी शक येते," म्हणाले आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

मग तपास मीच करायचं ठरवलं. एका बुधवारी सर लिहिता लिहिता उठून नळावर पाणी भरायला गेले, तशी मी उजव्या वाटीतला एक चिंचोका उचलला. काही कोरलंय का म्हणून उन्हात धरून पाहिला. कानाशी हलवला. शेवटी दातांनी फोडला. चिंचोकाच होता. दाढ मात्र दोन दिवस ठणकत होती.

पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी, सरांना कार्ड आलं. कार्ड उघडंच असतं, ते वाचायला कसला दोष? नागपूरच्या मित्राने लिहिलं होतं, "कुठंतरी एक कंस मिटवाचा राह्यला. मशीन पुढं सरकून नाई राह्यली. माझी बदली झाली. या रविवारी शेवटचा कॉम्प्युटर मिळन, मंग नाई. कंस शोध आणि कार्ड मिळताच पाठव."

मी कार्ड दिलं. सर वाचून तिथेच ओट्यावर बसले. मग अकराच्या अकरा कागद पसरून पहिल्यापासून मोजायला लागले. मधेच बोट अडायचं, की पुन्हा पहिला कागद.

"दोन उन्हाळे गेले याच्यात, बाई," एवढंच म्हणाले.

उजव्या वाटीत एक चिंचोका कमी म्हणजे मिटणारा एक कंस कमी. एवढं गणित मलाही येतं. बाई गं, हे तर माझंच पाप!

"सर," मी म्हटलं, "तुमचा एक चिंचोका मी खाल्ला."

त्यांनी दोन्ही वाट्यांकडे पाहिलं.

"मागच्या हप्त्यात बुधवारी, तुमी नळावर गेलते तवा. चवथा कागद होता. कोपऱ्यात च्याचा डाग आहे पाहा. वरून नववी ओळ लिहून राह्यले होते तुमी." पाळत ठेवण्याचा असाही उपयोग होतो.

सरांनी चौथा कागद ओढला. मी एकेक कंस वाचत गेले, ते चिंचोके हलवत गेले. कागद संपला आणि उजव्या वाटीत एक चिंचोका उरला.

"थापडला!" सर ओरडले. "थापडला, बाई, थापडला!"

आणि चटकन तोंडावर हात ठेवला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. साखर, सायकल, साहेब, सात. माणूस कारस्थानी नव्हता हो, बोबडा होता! एक अक्षर तोंडातून निघू नये म्हणून चार वर्षं जपून जपून बोलत होता. मला हसू आलंच नाही. कागदावरची ही कंसांची भाषा कुठली, म्हणून विचारलं तर त्यांनी लिहून दाखवलं, लिस्प, कॉम्प्युटरची भाषा. इंग्रजीत बोबड्या बोलण्यालाही हाच शब्द आहे, तेही लिहूनच.

"त्यातबी तेच अक्षर! नाव ठेवनाऱ्याले काई अक्कल नव्हती," मी म्हटलं. सर पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले.

शनिवारी लिफाफा गेला. सोमवारी संध्याकाळी गार्डाने कडेला भोकं असलेला एक लांबलचक कागद आणून दिला. सरांनी तो आपणहून माझ्यापुढे धरला. अक्षरं इंग्रजी, पण बोलणं मराठी. मशीन विचारत होती आणि नागपूरचा मित्र उत्तरं देत होता.

"जेवण झालं काय?"

"झालं."

"काय जेवले? घाई नाई. तुमचं बोलून होऊ द्या, मी थांबतो."

हातभर कागद असंच. मला काही कळेना.

"सर, एवढ्यासाठी दोन उन्हाळे? हे त कोनीबी विचारते."

"मले नाई विचारत, बाई," सर म्हणाले.

चार वर्षं या माणसाबद्दल मी पोस्टमनला विचारलं, दूधवाल्याला विचारलं, स्टेशनवर जाऊन गार्डालाही विचारलं. त्यांना स्वतःला कधी 'जेवलात का' म्हणून विचारलं नव्हतं. लाज वाटली मला, फार लाज वाटली.

"सर," मी म्हटलं, "जेवन झालं काय?"

त्यांनी उत्तर द्यायला पुष्कळ वेळ घेतला. आत चुलीवर वांगी करपल्याचा वास यायला लागला, तरी मी थांबले.

"नाई," ते म्हणाले. मग खाली बघून हळूच म्हणाले, "अजून च्याच नाई झाला. थाखर थंपली."

मी आत गेले आणि साखरेचा डबाच उचलून आणला.