अनंत ठरलेल्या पेवाचे वर्तमान

श्री. जे आहे त्यास नमन, जे नाही त्यासही नमन, आणि या दोहोंच्या मध्ये जी माणसे सापडतात त्यांस त्रिवार नमन. शके पंधराशे त्रेचाळीस, दुर्मतिनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी एका राज्यात जे वर्तमान वर्तले ते ऐसे. राज्याचे नाव लिहीत नाही. त्यांचे वंशज अद्याप नांदत आहेत, उगाच कोणाचा वाईटपणा कोणी घ्यावा? तेथील महाराज मनाचे उदार आणि कानाचे हलके होते. एके दिवशी सदरेस बसले असता शास्त्रीमंडळींस पुसते जाहले की, ही सृष्टी आणि सृष्टीतील वस्तुमात्र, यांस कोठे शेवट आहे की नाही? मग काय विचारता! शास्त्र्यांत दोन तट पडले. एक म्हणो लागले, शेवट आहे, नाही तर देवाने निर्माण केले म्हणजे किती केले? दुसरे म्हणो लागले, शेवट असेल तर त्याच्या पलीकडे काय ते दाखवा. ऐसा वाद अकरा दिवस चालला, आणि घसे बसले, आणि काढ्याची पातेली रिती जाहली, आणि शेवटी वीरेश्वरशास्त्री यांचा आवाज तेवढा शाबूत राहिला म्हणोन त्यांचा पक्ष खरा ठरला. निर्णय जाहला की, सृष्टी अनंत आणि वस्तुमात्रही अनंत. महाराज संतोष पावले आणि बोलिले की, वस्तूस अंत नाही तर आमच्या पेवांतील धान्यासच अंत कोठून आला? आजपासून अन्नछत्र घालावे, येईल त्यास जेवू घालावे, आणि हात आखडता घेऊ नये. दिवाणजी पिकले पान. ते हळूच बोलिले की, आज्ञा शिरसावंद्य, परंतु एकवार मापाऱ्यास पुसावे.

मापारी म्हणजे भिवजी. सात पिढ्या त्यांचे घरी राज्याच्या पेवांचे माप. जमिनीत खोल खणलेली ती पेवे, त्यांत शिडी लावून उतरावे, आणि पायलीने धान्य मापून वर द्यावे. त्या घराची रीत ऐसी की, पहिल्या मापास 'एक' म्हणो नये, 'लाभ' म्हणावे, आणि शेवटचे माप कधी भरो नये, तळाशी चार मुठी ठेवोन वर यावे, आणि कोणी पुसले 'आहे का?' तर 'आहे' म्हणावे. धान्य संपले हा शब्द त्या घरात कोणी उच्चारला नव्हता. उच्चारील त्याची जीभ झडेल आणि पुढील साली शेत पिकणार नाही, ऐसे वडिलांनी सांगितलेले. भिवजी लहानपणी एकदा बोलो गेला तर बापाने तोंडावर चापट मारिली, ती त्यास अद्याप आठवत असे.

त्या साली पीक बेताचे. पेवांत खाण्याचे धान्य होते, आणि त्याच राशीत चाळीस गावांचे बियाणेही होते, ते ज्येष्ठात गावोगावचे लोक येऊन नेत. त्यांतील एका डोंगराकडील गावी भिवजीची एकुलती लेक गोदाऊ दिली होती, तिला दोन लहान लेकरे. सदरेस येण्यापूर्वी भिवजी थोरल्या पेवात उतरला होता, आणि धान्य कमरेइतकेच लागले होते. अन्नछत्र घातले तर बी उरणार नाही, हे राज्यात त्या एकट्यास ठाऊक.

महाराजांनी पुसले, "भिवजी, पेवात आहे ना?"

शब्द दातांपर्यंत आला. परंतु सारी सदर पाहात होती, आणि वीरेश्वरशास्त्री मान डोलावीत होते, आणि बापाचा हात आठवला. भिवजी बोलिला, "आहे, महाराज."

मग जयजयकार जाहला आणि भिवजीस शेला मिळाला. घरी आला तो बायको चिमाई हिने तोंड पाहूनच ओळखिले. ती शहाणी, तिने शेल्याकडे पाहिलेही नाही. म्हणाली की, धनी, महाराजांस नाही सांगवले तर नाही, निदान पोरीस तरी निरोप धाडा, तिचे गाव आपले बी आजच उचलून नेईल. भिवजी म्हणाला, उद्या धाडतो. ते उद्या काही उजाडले नाही. पौष गेला, माघ गेला, आणि अन्नछत्रात परमुलखाचे लोकही येऊन जेवो लागले, आणि वीरेश्वरशास्त्री रोज तूप वाढून घेत. महाराज आपणच कंटाळतील, ऐसे भिवजी मनाशी म्हणत असे. उदार माणूस लोकांच्या तोंडी स्तुती असेतो कंटाळत नाही, हे त्या बिचाऱ्यास कोण सांगणार? फाल्गुनात शिडीचा पाय उघड्या जमिनीवर टेकला. तरी वरून कोणी पुसले की तो खालून 'आहे' म्हणे. चार मुठी होत्या, म्हणोन खोटेही नव्हते.

पुढे दुंदुभिनाम संवत्सर लागले, आणि ज्येष्ठात चाळीस गावांचे लोक बैल घेऊन बियाण्यास आले. समारंभ म्हणोन महाराज स्वतः पेवापाशी आले आणि पुसते जाहले, "आहे ना?" भिवजी शिडीवरून वर आला आणि उन्हात उभा राहोन बोलिला, "संपले, महाराज."

जीभ झडली नाही. झडती तर बरे होते, इतके दिवस गप्प राहण्यास काही कारण तरी निघते. महाराजांनी शास्त्र्यांकडे पाहिले. वीरेश्वरशास्त्री बोलिले की, अनंतत्व हे समग्र सृष्टीचे, एकेका पेवाचे नव्हे, एवढे निर्णयात लिहावयाचे राहोन गेले. महाराजांनी बियाण्यासाठी चहूंकडे माणसे धाडिली. शेजारच्या राज्यांतही पीक बेताचेच होते, बी कोण देतो? त्या साली चाळीस गावांत पेरणी जाहली नाही, आणि लोक पाठीवर बिऱ्हाड घेऊन परमुलखी निघाले.

गोदाऊ जाताना बापास भेटावयास आली. धाकटे लेकरू कडेवर, थोरले बोटास. तिने पुसले, "बाबा, तुम्हांस ठाऊक होते?"

"होते."

"कधीपासोन?"

"मार्गशीर्षापासोन."

गोदाऊ रागावली नाही. रागावती तर भिवजीस बोलता आले असते. ती एवढेच म्हणाली, "तेव्हा सांगतेत, तर आम्ही राहिलो असतो." मग ती वाकोन पाया पडली, लेकरांसही पायांवर घातले, आणि चालो लागली. आशीर्वाद द्यावा तो भिवजीच्या तोंडून निघेना.

सारांश, सृष्टीस शेवट आहे की नाही हा वाद त्या राज्यात पुढेही चालला, आणि दोन्ही पक्षांचे ग्रंथ जाहले. भिवजी त्यानंतर नऊ वर्षे वाचला. रोज वेशीबाहेर जाऊन बसे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास त्या डोंगराकडील गावच्या लोकांचा ठाव पुसे. गोदाऊ कोठे गेली ते कळले नाही. जैसे वर्तले तैसे लिहिले, लेखनसीमा.