लाल्याच्या पोटाचा तपास

"माह्या नजरेतून मुंगी बी सुटत नाई," असं इस्तारीकाका सांगतात तेव्हा बहुधा चष्मा शोधत असतात. बाबांचे हे धाकटे भाऊ. वनखात्यात असताना त्यांनी चोरीला गेलेला साग शोधून काढला होता. म्हणजे खुंट. साग अजून सापडायचा आहे.

बाबा गेले आणि त्यांच्या बोक्यानं, लाल्यानं, खाणं सोडलं. आमचं ढिवराचं, मासेमाराचं घर. पण तेरवीपर्यंत मासोळी शिजत नाही, आणि दूधभात लाल्या हुंगायचासुद्धा नाही. पोट मात्र फुगत चाललेलं. जनावरांच्या डॉक्टरांनी ते दाबून पाहिलं. "कळत नाही. नागपूरला न्या. कदाचित पोट उघडावं लागेल."

बाबांच्या खाटेवर झोपणारं आता तेवढंच एक उरलं होतं. मी काकांकडे गेले.

"वाघ पाह्यला असंल यानं," काका म्हणाले. "धसक्याची हवा पोटात भरते."

"अन् वाघानं याले सोडलं?"

"भूक नसंल त्याले. नाई तं मंग विषप्रयोग!"

"विषानं कोणी जाडं होते का?"

काकांनी डोळे मिटले, उघडले. "समजलं. गाभण हाय."

"काका, बोका हाय तो."

"तेच तं रहस्य हाय!"

रोज संध्याकाळी लाल्या बाहेर पडला की काका पाळतीवर निघत. "तू घरीच बस पोरी, काम धोक्याचं हाय." परत येत ते सुस्त, ढेकर देत, रिकाम्या हातांनी.

नागपूरला निघायच्या आदल्या संध्याकाळी मला राहवेना. मीच लाल्यामागे गेले. तो शेजारच्या म्हाताऱ्या गिरजाबाईच्या मागल्या दारानं आत शिरला. चुलीवर रस्सा रटरटत होता. लाल्या मासोळीच्या डोक्यावर तुटून पडला. त्याच्या शेजारी मांडी घालून काका काटे काढत होते.

"पुरावा तपासून राह्यलो," काका भरल्या तोंडानं म्हणाले.

"बिमारी गिमारी काई नाई याले," गिरजाबाई म्हणाली. "सुतकाच्या घरचं मांजर कोणी उपाशी ठेवते का? सारी गल्ली याले मासोळी टाकून राह्यली."

"अन् काका?"

"थे बी तुमच्याच घरचं नं."

मी दारातच थांबले. "तेरवी व्हायची हाय, बाई."

"तुह्या आज्याच्या सुतकात तुहा बाप बी इथीच बसला होता. दार लाव अन् बस."

मी दार लावलं. काका सरकले. लाल्या सरकला नाही.