केक बोटीने न्यायचा ठरला तेव्हा

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी एकतीस वर्षं लोकांना मोटार चालवायला शिकवली. माझ्या हाताखालून गेलेले दोन पाद्री, एक न्यायाधीश आणि एक सर्कसवाला आजही रस्त्यावर सुखरूप फिरताहेत. तेव्हा ताशी तीन मैलांनी जाणारी कालव्यातली बोट म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! अहो, बदकंसुद्धा तिला मागे टाकतात!

हे मी माझ्या बायकोला, विनीला, सांगितलं आणि तिनं ते खरं मानलं. तिची चूक झाली ती एवढीच.

प्रश्न होता केकचा. ओव्हरली गावात दर ऑगस्टला भाज्या, फुलं आणि घरगुती पदार्थांचं प्रदर्शन भरतं. विनी सात वर्षं तिथं स्पंज केक ठेवते आणि सात वर्षं तिला दुसरा नंबर मिळतो. पहिला मेव्हिस टॅटर्सलला. गेल्या वर्षी तर गोल चौकात केकचा वरचा थर सरकून खिडकीला चिकटला. (गाडी मी चालवत होतो, पण तो विषय वेगळा.)

"यंदा शेवटचं," विनी म्हणाली. "यंदा पहिला आला नाही तर केकची भांडी देऊन टाकणार. पुन्हा अंडं फोडायची नाही मी!"

आता सांगतो, ही धमकी साधी नव्हती. शनिवारी दुपारी चार वाजता आमच्या घरात जो वास सुटतो ना, त्याच्यावरच मी आठवडा काढतो. माझं काळीज हललं.

"केक बोटीने नेऊ!" मी जाहीर केलं. "ना खड्डा, ना वळण, ना ब्रेक!"

बोट म्हणजे 'मूरहेन'. साठ फूट लांब, सात फुटांना जेमतेम कमी रुंद. मी आणि माझा मित्र गॉर्डन, दोघांनी मिळून अर्धी-अर्धी घेतलेली. मागची अर्धी माझी, म्हणून सुकाणू माझ्याकडे. पुढची त्याची, म्हणून जिथं कुठं धडकते, तिथं त्याची धडकते.

"केकसाठी बोट?" गॉर्डन म्हणाला. "आणि चालवणार तू? मग चमचे घेऊन येतो. खरवडून खायला लागतील."

मी लक्ष दिलं नाही. उलट केकला धक्का लागू नये म्हणून सहा नव्या, जाड रबरी उशा आणल्या आणि बोटीच्या दोन्ही बाजूंना दोरीनं लटकवल्या. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन. बोट काठाला लागली तरी केकला कळणार नाही, असा बंदोबस्त!

शनिवारी सकाळी आठला निघालो. सासूबाई, म्हणजे विनीच्या आई एड्ना, वय शहाऐंशी, पुढे खुर्चीत बसल्या आणि केकचा डबा त्यांनी मांडीवर घेतला. प्रदर्शनात पदार्थ द्यायची वेळ बारापर्यंत. अंतर नऊ मैल. म्हणजे वेळच वेळ! ऊन पडलं होतं, काठावरचा बगळा आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होता, विनी चहा देत होती. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, आज पहिल्यांदाच मला तुमच्या मागे बसून देवाचं नाव घ्यावं लागत नाहीये."

"पुढे बसलायत तुम्ही, आई," गॉर्डन म्हणाला. "अजून काही दिसत नाहीये म्हणून."

साडेअकरा वाजता ओव्हरलीचा फिरता पूल आला. रस्ता कालव्यावरून जातो, तो पूल बाजूला फिरवला की बोटीला वाट मिळते. गॉर्डननं उतरून पेटीत किल्ली घातली, बटण दाबलं. घंटा वाजली, रस्त्यावर आडवा दांडा पडला, पूल सावकाश फिरला. वाट अगदी अरुंद होती, बोटीपेक्षा जरा जास्त. मी रुबाबात सुकाणू धरलं आणि बोट सुईत दोरा ओवावा तशी आत घातली.

बोट सरळ गेली. उशा गेल्या नाहीत.

फस्स असा आवाज झाला आणि मूरहेन थांबली. अर्धी पुलाच्या अलीकडे, अर्धी पलीकडे. कालव्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की अरुंद जागेत शिरण्याआधी बाजूच्या उशा वर ओढून घ्यायच्या. मलाही ठाऊक होतं! गेल्याच आठवड्यात मी एका अनोळखी माणसावर त्यावरून ओरडलो होतो!

"मागे घे!" गॉर्डन ओरडला.

मी इंजिन उलटं फिरवलं. घट्ट बसली.

"पुढे घे!"

आणखी घट्ट!

आता बोट मध्ये, म्हणजे पूल बंद होईना. पूल बंद होईना, म्हणजे रस्ता खुला होईना. दांड्यापलीकडे आधी एक मोटार, मग दोन मेंढ्या घेतलेली गाडी, मग प्रदर्शनात वाजवायला निघालेल्या बँडची गाडी. त्यामागे रांग वळणापर्यंत. हॉर्न वाजायला लागले. बँडवाल्यांनी हॉर्नला तुतारीनं उत्तर दिलं.

"अहो, कुठं शिकलात हो चालवायला?" मेंढ्यावाला ओरडला.

"हा शिकवतो!" गॉर्डननं मोठ्यांदा कळवलं. मित्र असावा तर असा!

विनी घड्याळ बघत होती. मी दोरी बांधून ओढायला सांगितलं, दहा माणसांनी ओढलं, बोट हलली नाही. बांबूनं रेटलं, बांबू मोडला. आणि मग गावातल्या चर्चच्या घड्याळात बाराचे ठोके पडायला लागले. सगळे ठोके विनीनं उभ्यानं ऐकले.

मंडळी, तिनं आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. ती शांतपणे आत गेली, सुरी घेऊन आली, आईच्या मांडीवरचा डबा उघडला आणि केकचे तुकडे करायला लागली.

"विनी! अगं, काय करतेस?"

"माणसं उन्हात ताटकळलीयेत. आपल्यामुळे," ती म्हणाली. 'आपल्यामुळे' म्हणाली.

सासूबाईंनी चहाचं आधण ठेवलं. गॉर्डननं एक कल्पना काढली: सगळ्यांनी बोटीवर चढून एकदम या बाजूला, एकदम त्या बाजूला झुकायचं, म्हणजे बोट डुलून सुटेल. बँडवाले चढले, मेंढ्यावाला चढला. ढोलवाल्यानं ताल धरला. धम! सगळे डावीकडे. धम! सगळे उजवीकडे. प्रत्येकाच्या एका हातात चहा, दुसऱ्यात केक. पाच मिनिटांत भांडण विसरून लोक गायलासुद्धा लागले. बोट एक इंचभर हलली नाही, पण मागून आलेल्या लोकांना ही प्रदर्शनाचीच सुरुवात वाटली आणि तेही चढले.

तेवढ्यात रांगेच्या शेवटून एक ठेंगणी बाई चालत आली. डोक्यावर निळी टोपी, हातात छत्री. तिनं विनीकडून केकचा तुकडा घेतला, डोळे मिटून खाल्ला, बोटं पुसली, आणि वाकून बोटीची बाजू बघितली.

"या उशा दोरीनं बांधल्यात ना?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"मग दोरी कापा की!"

ढोल थांबला. चाळीस माणसांनी माझ्याकडे पाहिलं. विनीनं केकची सुरी माझ्या हातात दिली. मी सहा दोऱ्या कापल्या. डुबुक, डुबुक, डुबुक! दहा माणसांनी दोरी ओढली आणि मूरहेन लोण्यातून सुरी निघावी तशी सुटली. गॉर्डननं पूल फिरवला, लोक टाळ्या वाजवत गाड्यांकडे पळाले.

"मलाही पळायला हवं," टोपीवाली बाई म्हणाली. "मघाशीच त्यांचा फोन आला, मी अडकले म्हणून त्यांनी वेळ दोनपर्यंत वाढवलीय. परीक्षकाशिवाय केकची स्पर्धा सुरू कशी करणार?"

विनीनं डब्यात पाहिलं. मीही पाहिलं. डब्यात कागद होता आणि कागदावर जॅमचा एक ठिपका.

"तुम्ही... केकच्या परीक्षक?" विनीनं विचारलं.

"नऊ वर्षं. नावं नाही कळत आम्हाला, नुसते आकडे असतात. का हो?"

मला राहवलं नाही. निदान बायकोच्या जिवाला समाधान तरी मिळेल! मी घसा साफ केला.

"बाई, सहज विचारतो. हा आत्ता खाल्लात तो केक स्पर्धेत असता, तर?"

तिनं आकाशाकडे बघून नीट विचार केला. विनीनं माझं मनगट घट्ट धरलं.

"छान होता," ती म्हणाली. "हलका, जॅम बेताचा. घरी दुसऱ्या दिवशी चहाबरोबर खावासा वाटेल असा. बाकीचे बघितले नाहीत मी अजून, पण हा..."

"हा?"

"हा दुसरा. नक्की!"

आणि ती छत्री टेकत गेली.

मी विनीकडे बघायचं धाडस केलं नाही. आधी एक बारीकसा आवाज आला. मला वाटलं रडली. बघतो तर ती डबा पोटाशी धरून हसत होती! सासूबाई हसत होत्या, गॉर्डन तर पुलाच्या कठड्याला धरून हसत होता.

"इथं बोटीवर दुसरा केकच नव्हता, डेझमंड!" ती डोळे पुसत म्हणाली. "एकही नव्हता!"

भांडी तिनं अजून दिलेली नाहीत. पुढच्या वर्षी ती पुन्हा उतरणार आहे आणि केक ओव्हरलीला कसा जाणार तेही ठरलंय. केक बसनं जाणार. विनी केकबरोबर जाणार. मी मागाहून चालत यायचं आहे, आणि पोचायचं ते निकाल लागल्यावर.